गोदीकडची निळी भिंत

माझे सासरे रंगारी होते आणि उभ्या आयुष्यात त्यांनी लाल रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. या हट्टापायी घरानं काय काय सोसलं ते मला माहीत आहे. शाळेचे बाक, दवाखान्याचं फाटक, दुकानांच्या पाट्या, आगीच्या बंबाची शेड, अशी कितीतरी कामं दारात आली आणि आल्या पावली परत गेली. "लाल हवा असेल तर दुसरा रंगारी बघा," एवढं बोलून बाबा पुन्हा पेपरात डोकं घालायचे. लोखंडी खिडक्यांना गंज धरू नये म्हणून आधी जो तांबडा हात मारतात, तिथंसुद्धा ते राखाडी वापरायचे. एकदा भडकून मी म्हटलं, "बाबा, अंगातलं रक्तही लालच आहे. तेही काढून टाकता का?" मान वर न करता ते म्हणाले, "आत आहे तोवर चालवून घेतो."

याचं कारण फुटबॉल. आमच्या शहरात दोन संघ होते. गोदीवाले निळे आणि गिरणीवाले लाल. मैदान मात्र दोघांत एकच, आणि त्याच्या दोन टोकांना, गोलांच्या मागे, दोन उंच भिंती. एका भिंतीपुढे गोदीवाले उभे राहणार, ती निळी. समोरच्या भिंतीपुढे गिरणीवाले, ती लाल. बसायला बाक फक्त बाजूंना होते, आणि बाकावर टेकून खेळ बघणाऱ्याला दोन्हीकडचे लोक पाहुणा समजायचे. लाल भिंत गिरणीची माणसं रंगवायची. निळी भिंत दर मोसमाआधी बाबा स्वतःच्या हातानं रंगवायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणी तिथं शिडी लावायची हिंमतही केली नसती.

आणि मी गिरणीवाल्यांची. माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्या खांद्यावर बसून मी लाल भिंतीपुढे वाढले. तिथून समोरचे गोदीवाले म्हणजे नुसता निळा पट्टा दिसायचा, पण त्या पट्ट्यातून एक आवाज सगळं मैदान ओलांडून आमच्या कानावर आदळायचा. आमच्या गोलकीपरला तो आवाज म्हणायचा, "अरे उघड्या दारा, कडी लाव की!" आमचा कुणी घसरून पडला की, "उचला रे त्याला, झोपायची वेळ झाली!" या आवाजाला सगळं शहर तोफ म्हणायचं. वडील माझे कान झाकायचे आणि स्वतः मात्र तोंड फिरवून हसायचे. मी त्या तोफेचा मनापासून द्वेष करायचे. लहान मुलांना अंधाराची भीती घालतात, मला माझी आत्या तोफेची घालायची.

पुढे लग्न ठरवायच्या वेळी मी पहिल्यांदा नवऱ्याच्या घरी गेले. चहाचा कप हातात होता. आतून कुणीतरी ओरडलं, "टॉवेल कुठं गेला माझा?" आणि मी कप खाली ठेवला. हाच तो आवाज. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "सांगणारच होतो."

बाबा केस पुसत बाहेर आले. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हा, "कुठल्या भिंतीकडची?"

"लाल," मी म्हटलं.

त्यांनी मुलाकडे असं बघितलं, जणू त्यानं घर गहाण टाकलं होतं. "सगळ्या शहरात दुसरी मुलगी नव्हती?" मग माझ्याकडे वळले. "गेल्या सामन्यातला तुमचा दुसरा गोल. हाताला लागला होता की नव्हता?"

"नव्हता."

"झालं! डोळ्यात डोळे घालून खोटं बोलते." ते आतल्या खोलीकडे तोंड करून सासूबाईंना म्हणाले, "घ्या करून. निदान घाबरट तरी नाही." त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव गिरणी पडलं. "ए गिरणी, चहा टाक," "गिरणी, माझा चष्मा बघितलास?" पाहुण्यांसमोरसुद्धा तेच.

नवऱ्याला फुटबॉलचं काही नाही. चेंडू गोल असतो, एवढीच त्याची माहिती. त्यामुळे बाबांना घरात भांडायला माणूस नव्हतं, ते मी आले तेव्हा मिळालं. आमची भांडणं जेवायला बसल्यावर सुरू व्हायची. सासूबाई आम्हा दोघांना वाढायच्या आणि आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. सगळ्यात जुनं भांडण धुक्यातल्या सामन्याचं. त्या दिवशी समुद्रावरून एवढं धुकं आलं होतं की एका भिंतीपासून दुसरी दिसत नव्हती. शेवटी शेवटी लाल भिंतीपुढच्या गोलात काहीतरी झालं. गोदीवाले म्हणतात चेंडू आत गेला, गिरणीवाले म्हणतात खांबाला लागून परतला. पंचानं शिट्टी मारली, पण कशाची ते त्यालाही धड सांगता आलं नाही. सामना बरोबरीत सुटला आणि भांडण कायमचं राहिलं. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते, पण वडिलांनी सांगितलं म्हणजे मी बघितल्यासारखंच. बाबा म्हणायचे, "तुझा बाप गोलापासून हातभर अंतरावर होता ना? मग त्याला दिसायलाच हवं होतं. दिसलं, पण पचलं नाही." मी म्हणायचे, "तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतात. तुम्हाला स्वतःचे बूट तरी दिसत होते का?"

सासूबाई गेल्या तेव्हा बाबा बोलेनासे झाले. ताटावर बसायचे आणि घास चिवडत राहायचे. नवरा समजूत काढून थकला. एके दिवशी मला राहवलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "धुक्यातला तो चेंडू खांबाला लागला होता, हे निदान त्या तरी मानायच्या." बाबांनी ताट पुढे सरकवलं, मान वर केली आणि तोफ सुरू झाली. शेजारची बाई विचारायला आली काय झालं म्हणून. भांडता भांडता त्यांनी दोनदा वाढून घेतलं. तेव्हा मला कळलं की या माणसाला सांत्वन चालत नाही, विरोध लागतो.

बाबांची मतं तर विचारू नका. मागे पास देणारा खेळाडू म्हणजे घराला आग लागली असताना चपला शोधणारा माणूस. हल्लीची पोरं गोल झाल्यावर आधी केस नीट करतात. कोच हातात काचेची पाटी घेऊन बसतो आणि समोरचं मैदान सोडून त्या पाटीत बघतो. त्यांच्या लेखी खरा खेळाडू एकच झाला, गोदीचा क्रेनवाला. आठवडाभर क्रेनवर बसून हा माणूस रविवारी बचावात उभा राहायचा. पळायचा फारसा नाही, कारण चेंडू कुठं उतरणार हे त्याला आधीच कळायचं. "वर बसून ओझं कुठं टेकतंय ते बघायची सवय होती त्याला," बाबा सांगायचे. निवृत्त झाल्यावर हा क्रेनवाला निळ्या भिंतीपुढे बाबांच्या शेजारी उभा राहू लागला, आणि त्या दिवसापासून बाबा जरा फुशारकीनंच मैदानावर जायचे.

मग एका कंपनीनं दोन्ही संघ विकत घेतले. गिरणी तेव्हा अर्धी बंद पडली होती आणि गोदीतलं काम दुसऱ्या बंदरात गेलं होतं. दोन्ही संघ खंगत चालले होते हे खरं आहे. पण आजारी माणसाला औषध देतात, दोन आजाऱ्यांना शिवून एक माणूस करत नाहीत. कंपनीनं तेच केलं. दोन्ही संघ मिळून एक संघ, नवं नाव, नवं चिन्ह आणि नवा रंग जांभळा. सभेत नव्या सेक्रेटरीनं हसत हसत सांगितलं, "निळा आणि लाल मिसळला की जांभळा होतो. म्हणजे दोघांचाही मान राहिला."

बाबा ताडकन उभे राहिले. "माझा जन्म रंग मिसळण्यात गेलाय. मिसळल्यावर दोन्हीतला एकही उरत नाही! आणि हा जांभळाही नाही, हे वांगं आहे!"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. सेक्रेटरीनं "सूचनेबद्दल आभार" म्हणून पुढचा मुद्दा घेतला आणि ठराव झाला. मी मागच्या रांगेत बसले होते. माझा नुसता संताप झाला होता. माझे वडील त्या लाल भिंतीपुढे उभे राहायचे. ते गेल्यावर त्यांच्यापाशी जायला मला तेवढीच एक जागा होती, आणि हा कोण कुठला माणूस तिला वांग्याचा रंग लावायला निघाला होता. घरी परतताना बाबा आणि मी एकाच बसमध्ये एकाच बाकावर बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं आणि ते दोघांनाही सहन होत नव्हतं.

खरा स्फोट पुढच्या आठवड्यात झाला. बाबांचा धंदा तोवर नवरा बघू लागला होता. हाताखाली माणसं ठेवून मोठी कामं घ्यायचा. जेवताना त्यानं सांगितलं की मैदान रंगवायचं काम त्यानं घेतलंय. बाक, कठडे, दोन्ही भिंती, सगळं जांभळं.

बाबांचा घास हातातच राहिला. "तू?"

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल, बाबा."

"घेऊ दे दुसऱ्याला! दुसऱ्यानं गळा दाबला तर निदान पोटच्या पोरानं नाही दाबला एवढं तरी म्हणता येईल."

"भिंत आहे ती. भिंत!"

"तुझी आई गेली तेव्हा कुणी 'बाई आहे ती. बाई!' असं म्हटलं असतं तर?"

नवरा उठून गेला. मीही त्याला सोडलं नाही. पाठोपाठ जाऊन म्हटलं, "लाल भिंतीला तू हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." तो म्हणाला, "या घरात माणसं राहतात की दोन भिंती?" त्याचंही चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं. चेहऱ्यावर चोरी करायला निघालेल्या माणसाचा उत्साह होता.

"गिरणी, ऐक. जुन्या रंगाची भुकटी होते. ती खरवडायची, घासायची, भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवायची, वर अस्तराचा हात द्यायचा आणि मगच रंग. बरोबर? आता समज, यातलं काहीच केलं नाही. भुकटीवरच सरळ रंग फासला. मग?"

"मग तो धरणार नाही."

"खारा वारा आणि एक पावसाळा. पोपडे धरून खाली येईल ते वांगं. आणि आत माझा निळा, जिथल्या तिथं." ते हात चोळत होते. "निळी भिंत मीच करणार म्हणून सांगतो त्याला. कुणाला कळणार नाही."

माझे डोळे चमकले असणार. "आणि आमची?"

"तुमची काय?"

"लाल भिंत! तिलाही तसंच करा."

"तुमच्या भिंतीशी माझा काय संबंध? तिला तुझा नवरा माणसं लावेल. चांगली खरवडून घेऊ दे."

"म्हणजे तुमचा निळा जिवंत राहणार आणि आमचा लाल मेला तरी चालेल?"

"उत्तमच होईल," तोफ म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघतोय."

मी हातातला झारा ओट्यावर आपटला. "मी आत्ताच्या आत्ता जाऊन सगळं सांगते त्याला."

"सांग. शेवटी गिरणीचीच."

मी सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, दोनदा तोंडापर्यंत आलंही. पण त्या कंपनीच्या नाकावर टिच्चून एक तरी रंग जगणार होता. तो माझा नव्हता याचा जळफळाट गिळून मी गप्प बसले. निळी भिंत बाबा स्वतः करणार म्हटल्यावर नवऱ्याला वाटलं म्हाताऱ्याचा राग निवळला. बिचारा खूश झाला, त्यानं त्यांच्यासाठी नवी परांची बांधून दिली.

काम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन मैदानावर गेले. मला वाटलं होतं, अर्धी भिंत जांभळी झाली असेल. बघते तर बाबा परांचीवर उभे राहून पत्र्यानं भिंत खरवडतायत. खालचं गवत निळ्या भुकटीनं भरलेलं. त्यांच्या भुवया निळ्या, कानाच्या पाळ्या निळ्या.

"बाबा! हे काय चाललंय?"

ते थांबले नाहीत. "हाताला भुकटी लागत होती."

"लागणारच! तेच तर हवं होतं ना आपल्याला?"

"काल कोपऱ्यात रोलर फिरवून बघितला. लगेच फुगे धरले. बघवेना मला."

"मग बघू नका ना!"

आता ते खाली उतरले. तोंडावरचं फडकं ओढून काढलं आणि माझ्यावरच ओरडले, "तुझ्या बापानं कधी नट अर्धा पिळून सोडला होता का? सोडला होता? ही माझी भिंत आहे. माझ्या भिंतीवर असलं काम? लोक विचारतील, हे तोफेनं केलं?"

"लोकांना जांभळंच दिसणार आहे, बाबा!"

"जांभळं दिसेल, पण सपाट दिसेल."

"आणि निळा?"

त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, चूळ भरली, ती थुंकली तेव्हा तीही निळी होती. मग पुन्हा वर चढले आणि खरवडू लागले. मला इतका राग आला की डबा तिथंच गवतात ठेवून मी तरातरा घरी निघून आले. वाटेत त्यांना नाही नाही ते बोलले, मनातल्या मनात आणि थोडं मोठ्यानंही. हा माणूस आयुष्यभर ज्या रंगासाठी घसा फाडत आला, तो स्वतःच्या हातानं खरवडत होता, आणि कारण काय तर काम नीट झालं पाहिजे.

त्यांनी आठवडाभर ती भिंत केली. खाली सिमेंट लागेपर्यंत खरवडली. चेंडू आदळून आदळून पडलेले खळगे बोटानं चाचपून लांबीनं भरले. घासली, पुसली, पांढरं अस्तर दिलं, वाळू दिलं, पुन्हा घासली आणि मग जांभळ्याचे दोन हात मारले. सेक्रेटरी येऊन भिंतीवरून हात फिरवून गेला आणि म्हणाला, "असं काम मी बघितलं नाही." बाबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

तोवर उद्घाटनाचा दिवस जवळ आला आणि लाल भिंत राहिलीच होती. नवऱ्याची माणसं बाकांत अडकली होती. त्यानं बाबांपुढे हात जोडले. "फक्त ती एक भिंत, बाबा. नाहीतर सगळ्या शहरात माझी शोभा होईल."

बाबांनी बरीच आदळआपट केली आणि शेवटी गेले. कसे गेले ते शहरातल्या लोकांनी बघितलंय. हातात मोजे, तोंडाला फडकं, डोक्याला फडकं आणि रोलर एका लांब काठीला बांधलेला. भिंतीपासून चांगलं लांब उभं राहून त्यांनी रंग ओढला. मी विचारलं, "खरवडणार नाही?"

"गिरणीची भुकटी अंगावर घेऊन मी घरी येऊ?"

"निदान अस्तर तरी?"

"अस्तर घालायला ती भिंत काय माझी विहीण लागते?"

"लागतेच. माझं माहेर आहे ते."

"मग व्याह्यांचं काम कधी कुणी मनापासून केलंय?" म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत काम उरकून हात झटकत घरी आले. आल्यावर साबण लावून दोनदा आंघोळ केली. मी मनात वडिलांची माफी मागितली. असला फराटा त्यांच्या भिंतीच्या नशिबी आला, म्हणून त्या रात्री मी बाबांना वाढलंही नाही. नवऱ्यानं वाढलं.

लाल रंग अस्तराशिवाय झाकला की तो वरच्या रंगातून फुटून येतो, हे कुठलाही शिकाऊ रंगारी सांगेल. बाबांनी लालला कधी हातच लावला नव्हता, त्यामुळे त्यांना त्याचे गुण ठाऊक नव्हते. भुकटीवर फासलेला रंग धरत नाही हे स्वयंपाकघरात त्यांनीच मला सांगितलं होतं, पण लाल भिंतीच्या तिरस्कारात ते त्यांना आठवलं नाही आणि त्या फराट्याच्या रागात मलाही. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच समोरच्या भिंतीवर तांबूस डाग दिसू लागले. मग फुगे आले. मग एका सामन्याच्या वेळी चेंडू भिंतीवर आदळला आणि जांभळ्याचा पापुद्रा सोलून खाली पडला. आत लालभडक. गिरणीकडच्या लोकांनी जी आरोळी ठोकली ती मी जन्मात विसरणार नाही. जे मैदानावर यायचे बंद झाले होते तेही परत आले. भिंतीपुढे उभे राहून नखांनी पोपडे काढू लागले. महिनाभरात भिंत लाल झाली. सेक्रेटरी थयथयाट करत नवऱ्याकडे आला, पण लोकांचा जोर बघून कंपनीनं ती भिंत पुन्हा रंगवायचं नाव काढलं नाही.

आणि गोदीकडची भिंत सपाट, तुकतुकीत, जांभळी. एवढ्या पावसात तिचा टवकाही उडाला नाही.

निळ्यांनी काही दिवस वाट बघितली. त्यांना वाटलं, तोफेनं इकडेही काहीतरी करून ठेवलं असेल. मग कुणीतरी म्हणालं, "सून गिरणीची आहे ना." झालं, तेवढं पुरलं. पुढच्या सामन्याला बाबा आपल्या जागी जाऊन उभे राहिले तर आजूबाजूची जागा रिकामी झाली. क्रेनवाला तेवढा तिथं होता. तो बाबांकडे न बघता म्हणाला, "सुनेला माहेर राखून दिलंस आणि आम्हाला वांगं. बरं केलंस." मग तोही सरकला. हे मला बाबांनी नाही सांगितलं. मी समोरून बघत होते, आणि काय बोलणं झालं ते सगळ्या शहरानं मला सांगितलं.

बाबा त्यानंतर मैदानावर गेले नाहीत. घरात काही तोडफोड नाही, आरडाओरडा नाही. खिडकीपाशी बसायचे. मी चहा दिला की "ठेव" म्हणायचे, गिरणी म्हणायचे नाहीत. मी सगळे जुने उपाय करून बघितले. त्यांच्या गोलकीपरला नावं ठेवली, क्रेनवाल्याला कासव म्हटलं. शेवटी जेवताना मी, माझ्या बापाची मुलगी, जिवावर उदार होऊन म्हणाले, "बाबा, खरं सांगू? धुक्यातला तो गोल झाला होता. तुमचाच होता तो." त्यांनी नुसती मान हलवली आणि पाणी प्यायले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसून संतापले. कंपनीवर, त्या क्रेनवाल्यावर, नवऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त या म्हाताऱ्यावर. मला माझा लाल परत मिळाला होता, आणि त्याचा धड आनंदही हा माणूस मला करू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून खरवडायचा पत्रा काढला आणि मैदानावर गेले. मैदान रिकामं होतं. फाटकावरच्या माणसानं हटकलं, त्याला मी असं काही बोलले की तो बाजूला झाला. गोदीकडच्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसले आणि खालचा कोपरा खरवडायला लागले. रंग काही केल्या निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा जांभळ्यात एक चीर पडली. खाली पांढरं अस्तर. ते उकरलं तर लांबी. लांबी उकरली तर सिमेंट. मी जागा बदलली. दुसरीकडे उकरलं, तिथंही तेच. हात सोलवटले तरी थांबले नाही.

मागे पावलं वाजली. बाबा होते. पिशवीत पत्रा नाही हे बघून त्यांना कळलं असावं.

"कुठंतरी राहिला असेल ना, बाबा?" मी वळूनही बघितलं नाही. "एखाद्या भोकात, कोपऱ्यात. टिकलीएवढा सापडला तरी आणून दाखवते सगळ्यांना. त्या क्रेनवाल्याच्या तोंडावर मारते!"

ते माझ्या शेजारी वाकले. मी पाडलेल्या चरांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि कितीतरी दिवसांनी तो आवाज त्या मैदानावर फुटला.

"ए गिरणी, ठेव तो पत्रा! काय भिंतीची वाट लावलीस! नाही सापडायचं तुला काही. मी केलंय ते काम."